एक हजार साठ शेंगदाणे

वेणू घरत तेलबियांच्या प्रयोगशाळेत लागली ती काचेची भांडी धुवायला. साल अठ्ठ्याऐंशी, तिचं वय सत्तावीस. माहेर रोडपालीचं. वडील तुळशीराम यांनी उभी हयात खाडीकाठच्या मिठागरात काढलेली. नव्या शहरासाठी जमीन गेली, मिठागर बुजलं आणि ते घरी बसले. सासर पनवेलात. नवरा दयाराम तळोज्याच्या कागद कारखान्यात पाळीवर जायचा. वेणू दहावी पास होती, विज्ञानात गुणही चांगले होते, पण त्या गुणांचं पुढे काय करायचं असतं हे दोन्ही घरांत कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्रयोगशाळा म्हणजे पनवेलातच जुन्या ठाणा नाक्याच्या अंगाला दोन खोल्या आणि मागे कोठार. एका तेलबिया संघाने ती चालवलेली. शेंगदाणा, तीळ, करडई, कारळे, जे येईल त्यात तेल किती हे तिथे मोजत. पद्धत जुनी. बी कुटायचं, कागदाच्या नळकांड्यात भरायचं, खाली ईथर उकळत ठेवायचा आणि त्याने सोळा तास त्या कुटातलं तेल धुऊन काढायचं. मग ईथर उडवून लावायचा आणि मागे राहिलेलं तेल तोलायचं. दिवसाला सहा नमुने झाले तरी पुष्कळ. भांड्याला आधीच्या तेलाचा तवंग राहिला की पुढचा आकडा चुकतो, हे वेणूला पहिल्या आठवड्यातच उमगलं. ती प्रत्येक भांडं खिडकीच्या उजेडाकडे धरायची आणि मनासारखं दिसलं नाही तर पुन्हा धुवायची. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. वसुंधरा पेंडसे पुण्याकडच्या, पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी हे पाहिलं आणि वर्षभरात तोलायचं कामही वेणूकडे दिलं.

नव्वद साली यंत्र आलं. लाकडी खोक्यातून आलेलं ते धूड उचलायला सहा माणसं लागली, कारण त्याच्या पोटात मोठं लोहचुंबक होतं. नाव लांबलचक, न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स. सगळे एनएमआर म्हणायचे. मुंबईहून आलेल्या इंजिनियरने सगळ्यांना घड्याळं काढून लांब ठेवायला सांगितली. वेणूने पदराची पिनही काढून कपाटात टाकली.

पेंडसे मॅडमनी तिला समजावलं ते असं. तेलात हायड्रोजन असतो. चुंबकामध्ये ठेवलेल्या हायड्रोजनला ठरावीक रेडिओ लहर दिली की तो तिला ओ देतो. घट्ट बसलेल्या पदार्थाची ओ विरून जाते, पातळ पदार्थाची ठसठशीत ऐकू येते. दाण्यात पातळ असतं ते तेल. म्हणून दाणा आत ठेवायचा, अर्धा मिनिट थांबायचं, आकडा उमटतो. बाटलीतल्या शुद्ध तेलाच्या आकड्याशी तो ताडून बघितला की दाण्यातल्या तेलाची टक्केवारी निघते.

"आणि दाणा?" वेणूने विचारलं.

"दाणा जसाच्या तसा. मोजून झाला की तोच पेरता येतो."

घरी जाताना वेणूच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. आजवर तिने मोजलेलं प्रत्येक बी कुटलं गेलं होतं. चांगलं निघालं तरी ते हातात उरत नव्हतं.

यंत्रासाठी एक पदवीधर मुलगा नेमला होता. चार महिन्यांत त्याला रसायनीच्या कारखान्यात दुप्पट पगार मिळाला आणि तो गेला. यंत्रावर कापड पडलं. तीन आठवडे ते कापड रोज झटकून पुन्हा घातल्यावर वेणू मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी चालवते. संघाच्या कचेरीतून उत्तर आलं की परिचराने एवढ्या किमती यंत्राला हात लावणं नियमात बसत नाही. मॅडमनी ते पत्र फाइलला लावलं आणि वेणूला सांगितलं, "साठ नमुने घे. जुन्या पद्धतीने मोज, यंत्रावरही मोज. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आला तर कचेरीशी मी बोलेन."

ते साठ नमुने पुरे करायला तिला अडीच महिने लागले. यंत्राची पुस्तिका इंग्रजीत होती. दयारामने तळोज्याहून येताना जुना शब्दकोश आणून दिला. ती दुपारच्या सुट्टीत एकेका शब्दावर बोट ठेवून वाचायची आणि वहीत मराठीत उतरवायची. यंत्र सुरू केल्यावर चुंबक स्थिरावायला तीन तास जाऊ द्यायचे. दाणे खोलीच्या उष्णतेला येऊ द्यायचे. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. पहिले अकरा नमुने चुकले. ते अकराही तिने वहीत तसेच राहू दिले, समोर लाल शाईने कारण लिहिलं. शेवटच्या चाळीसांत एकही फरक अर्ध्या टक्क्याबाहेर गेला नाही. मॅडमनी वही घेऊन कचेरी गाठली. हुद्दा परिचराचाच राहिला, पण यंत्र वेणूचं झालं.

पुढची हकिगत ब्याण्णव सालची.

भुईमुगाच्या नव्या जाती काढायचं काम तिथे डॉ. सत्यजीत देवधर करत. पस्तिशीचे, हुशार, थोडे घाईचे. भात निघाल्यावर कोकणात उन्हाळी भुईमूग घेता यावा आणि त्यात तेलही जास्त असावं, यासाठी त्यांनी चार वर्षं खपून संकर केले होते. त्या उन्हाळ्यात दोनशे बारा झाडं त्यांनी निवडून काढली. प्रत्येक झाडाचे पाच दाणे, म्हणजे एक हजार साठ. एकेक दाणा तोलून यंत्रात ठेवायचा, आकडा लिहायचा आणि परत त्याच्या कागदी पुडीत घालायचा. ज्या झाडांत तेल सर्वांत जास्त निघेल अशी वीस झाडं ठेवायची, बाकीची सोडून द्यायची.

वेणूने मेअखेरीस काम धरलं. मध्येच दुसऱ्या नमुन्यांचा लोंढा यायचा, वीज जायची, त्यामुळे ते लांबत गेलं आणि जुलैच्या शेवटी संपलं. निकाल पाहून देवधर खूश झाले. मूळ जातीत सत्तेचाळीस टक्के तेल होतं. नव्या झाडांपैकी काहींत पन्नास, एक्कावन्न निघालं होतं. त्यांनी वीस झाडांची यादी केली आणि सप्टेंबरात होणाऱ्या बैठकीसाठी अहवाल दिल्लीला धाडून दिला. उरलेल्या एकशे ब्याण्णव झाडांच्या पुड्या गोणीत भरून कोठारात ठेवायला सांगितल्या. संघाची गाडी आली की त्या घाण्याला जायच्या होत्या.

ते सगळे आकडे वेणूनेच काढले होते, आणि तिलाच त्यांचा भरवसा वाटेना.

त्याला कारण होतं. रोज सकाळी काम सुरू करताना ती मूळ जातीचे तेच पाच दाणे यंत्रात ठेवून बघायची. कुणी सांगितलं नव्हतं. काटा सुरू केला की आधी ठरलेलं वजन ठेवून बघतात, तशी तिने स्वतःला लावलेली ही सवय. मेमध्ये ते दाणे सत्तेचाळीस दाखवत. जूनअखेर अठ्ठेचाळीसच्या पुढे गेले. जुलैत एकोणपन्नास, मग साडेएकोणपन्नास. दाणे तेच, पुडी तीच, आणि पुडीत पडून दाण्यातलं तेल वाढत नाही.

ती देवधरांकडे गेली. ते म्हणाले, यंत्राचा आकडा थोडा सरकत असेल, इंजिनियरला बोलवू. वेणूने सांगितलं, सर, बंद नळीतलं शुद्ध तेल मी रोज ठेवते, त्याचा आकडा दोन महिने हललेला नाही. यंत्र जागच्या जागी आहे. देवधर बैठकीच्या तयारीत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "वेणूताई, तुम्ही दाणे मोजा. त्याचा अर्थ आम्ही लावू."

ती बाहेर आली. राग आला होता, पण रागाने आकडा खाली येणार नव्हता.

त्या रविवारी ती रोडपालीला वडिलांना बघायला गेली. तुळशीरामांचे गुडघे धरले होते, पण जीभ शाबूत होती. बोलता बोलता तिने सहज सगळं सांगितलं, की पाच दाणे आहेत आणि कुणी हात लावला नाही तरी वाढताहेत. म्हातारा हसला. पावसाळ्यात मीठ विकणाऱ्या व्यापाऱ्यांची गोष्ट त्याने पूर्वी कितीदा सांगितली असेल, तीच पुन्हा सांगितली. "सर्द हवेत मीठ वजनाला जास्त भरतं, बाय. त्या वाढल्या वजनात मीठ नाय, पानी हाय. आमी मुठीत दाबून सांगायचो."

पाणी. पाण्यातही हायड्रोजनच असतो, आणि पाणीही पातळच. यंत्राला तेलाची ओ आणि पाण्याची ओ वेगळी कळत नव्हती. पुस्तिकेत ते लिहिलेलंही होतं: दाण्यात पाच टक्क्यांपेक्षा जास्त ओल असू नये. आधीच्या पदवीधर मुलाने त्या ओळीपुढे लिहून ठेवलं होतं, ओव्हनमध्ये वाळवावे. पण ओव्हनच्या आचेने दाणा मरतो, आणि हे दाणे तर पेरायचे होते. म्हणून उन्हात वाळलेत तेवढं पुरे असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. वेणूनेही. मेच्या कोरड्या दिवसांत ते खरंही होतं. जुलैतल्या पनवेलच्या हवेत कागदाच्या पुडीतल्या दाण्याने पाणी ओढून घेतलं होतं.

सोमवारी तिने मूळ जातीच्या दाण्यांचे दोन भाग केले. एक भाग टेबलावर उघडा ठेवला. दुसरा झाकणाच्या काचपात्रात ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांवर ठेवला, म्हणजे आच न लागता सुकेल. खडे ओल पिऊन गुलाबी झाले की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळे करायचे आणि परत भरायचे. बारा दिवस ती दोन्ही भाग मोजत राहिली. टेबलावरचे दाणे साडेएकोणपन्नासवरच राहिले. सुकवलेले उतरत उतरत सत्तेचाळीसला येऊन थांबले.

मग तिने आणखी एक गोष्ट केली. देवधरांनी झाडांची यादी तेलाच्या क्रमाने लावली होती. तिने तीच यादी तारखेच्या क्रमाने लिहून काढली. निवडलेल्या वीस झाडांपैकी सतरा जुलैत मोजलेली होती. मेमध्ये मोजलेलं एकही नव्हतं. झाडं तेलावर निवडली गेलीच नव्हती. ती मोजणीच्या दिवशीच्या हवेवर निवडली गेली होती.

मॅडम हैदराबादला होत्या, आठवड्याने यायच्या होत्या. संघाची गाडी गुरुवारी होती. वेणू कोठाराचा राखणदार भगवान याच्याकडे गेली आणि ती गोणी गाडीत चढवू नको म्हणाली. भगवानने विचारलं, कुणाची सही आहे? सही नव्हती. वेणूने कोऱ्या कागदावर लिहून दिलं, की मोजणीत चूक आहे, ती माझ्या हातून झाली आहे, दाणे पुन्हा मोजायचे आहेत, जबाबदारी माझी. खाली पूर्ण नाव घातलं. भगवानने कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि गोणी भिंतीशी सरकवली.

हे देवधरांच्या कानावर जायला अर्धा दिवस लागला. त्यांनी तिला बोलावून स्पष्ट शब्दांत विचारलं की अहवाल दिल्लीला गेलाय हे तिला माहीत आहे का. वेणू म्हणाली, माहीत आहे. मॅडम आल्या की तुम्हा दोघांसमोर एकदाच सांगते, त्यानंतर काढायचं तर कामावरून काढा. घरी दयारामला तिने हे सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, की आकड्यांची तुला खात्री आहे ना. ती म्हणाली, आहे. मग झालं तर, म्हणाला, आणि पाळीवर गेला.

मॅडम आल्या. वेणूने टेबलावर तीन कागद ठेवले: बंद नळीतल्या तेलाचे दोन महिन्यांचे आकडे, सुकवलेल्या आणि उघड्या दाण्यांचे बारा दिवसांचे आकडे, आणि तारखेच्या क्रमाने लावलेली यादी. पहिल्या दोन कागदांवर देवधर काही शंका काढत राहिले. तिसरा त्यांनी हातात घेतला, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर बोट फिरवत शेवटपर्यंत नेलं आणि कागद खाली ठेवला.

"चार वर्षं," ते म्हणाले. मग विचारलं, "गोणी कुठे आहे?"

"कोठारात."

"सगळे दाणे आहेत?"

"निवडलेल्या वीस झाडांचे धरून एक हजार साठ आहेत, सर. एकही कुटलेला नाही."

देवधरांनी त्याच दुपारी दिल्लीला पत्र लिहिलं, की पाठवलेले आकडे मागे घेत आहोत. पत्र मॅडमना दाखवलं आणि मग वेणूलाही वाचायला दिलं. त्यात तिचं नाव नव्हतं आणि तिच्यावर खापरही नव्हतं. ओल लक्षात घेतली नाही, ही चूक माझी, असं त्यांनी लिहिलं होतं. तसं लिहिणं त्यांच्या स्वभावाला किती जड गेलं असेल ते वेणूला कळलं. त्या दिवसापासून तिने त्यांच्याबद्दल मनात काही ठेवलं नाही.

पेरणी डिसेंबरच्या मध्यावर. हातात साडेतीन महिने होते आणि काचपात्रं दोनच. वेणूने पनवेलच्या बाजारातून रबरी पट्टीच्या घट्ट झाकणाच्या मोठ्या बरण्या आणवल्या, तळाशी खडे, वर जाळी, त्यावर पुड्या. रोज सकाळी आल्याबरोबर गुलाबी पडलेले खडे ओव्हनमध्ये जायचे. एका बरणीला पंधरवडा लागायचा. बरणीतून काढलेला दाणा हवेला फार वेळ राहू नये म्हणून देवधर स्वतः शेजारी बसून वजन घ्यायचे आणि वेणू लगेच यंत्राच्या नळीत सोडायची. पहिले काही दिवस दोघं कामापुरतं बोलत. ऑक्टोबरात उकाड्याने खोली तापू लागली आणि आकडे डळमळायला लागले, तेव्हा पहाटे सहाला यंत्र सुरू करून दुपारी बारापर्यंत मोजणी आटपायची असं दोघांनी मिळून ठरवलं. तिला घरचं आवरून सहाला पोचणं कठीण होतं, ती पोचायची.

नोव्हेंबरच्या अखेरीला काम संपलं. पन्नास-एक्कावन्नवाली झाडं सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला आली. पहिल्या यादीतल्या वीसपैकी तीनच राहिली. पण मेमध्ये मोजलेलं एक झाड, क्रमांक एकतीस, जे आधी एकोणपन्नासवर असल्यामुळे मागे पडलं होतं, ते सुकवल्यावरही जवळजवळ एकोणपन्नासच राहिलं. सगळ्यांत वर तेच होतं. त्याचे पाच दाणे घाण्याला जाणाऱ्या गोणीत होते.

एकतिसाचे पाचही दाणे उगवले. तरी त्यातून जात उभी राहायला पुढे चार हंगाम गेले. दरम्यान मॅडमनी वेणूची सुकवण्याची पद्धत लिहून काढली आणि चौऱ्याण्णव साली हैदराबादच्या एका शिबिरात ती सांगायला वेणूलाच पाठवलं. तिथे चार राज्यांतली माणसं होती. वेणू हिंदीत बोलली, अडली तिथे फळ्यावर काढून दाखवलं. एका गृहस्थांनी विचारलं, तुमचं शिक्षण किती. ती म्हणाली, दहावी, आणि पुढचा प्रश्न कुणाचा आहे म्हणून दुसरीकडे पाहिलं. त्याच वर्षी तिच्यासाठी तांत्रिक साहाय्यकाच्या पदाचा प्रस्ताव मॅडमनी चौथ्यांदा कचेरीत पाठवला. शहाण्णवला तो मंजूर झाला, मॅडम निवृत्त व्हायच्या दोन महिने आधी.

सत्त्याण्णवच्या मेमध्ये वेणू पळस्प्याला गेली होती. तिथल्या काशिराम नावाच्या शेतकऱ्याने भात निघाल्यावर दीड एकरात नवी जात लावली होती. अंगणात शेंगांचा ढीग पडलेला. काशिरामला यंत्राची, गोणीची काही वार्ता नव्हती; संघाकडून कुणीतरी बाई आल्या आहेत एवढंच. कशी आहे जात, असं तिने विचारलं.

"तेल बरं उतरतंय, घाण्यावाला बोलला," तो म्हणाला. "पण टरफल लय जाड. पोरांच्या आयशीची बोटं सोलतात."

वेणूने ढिगातून एक शेंग उचलली आणि फोडून पाहिली. खरंच जाड होतं. दुसरी फोडली, तिसरी फोडली. मूठभर शेंगा मागून घेतल्या, पिशवीत घातल्या आणि एसटीच्या थांब्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवधर खुर्चीत बसतात न बसतात तोच तिने त्या शेंगा त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "सर, पुढच्या निवडीत टरफलही बघायला हवं. तोलायचं काम मी करते."